तुटलेला बोल्ट घेऊन विद्यापीठात: छोटे उद्योग आणि ज्ञानाची देवाणघेवाण

समजा, वीस-पंचवीस माणसांचा एक कारखाना आहे. तिथे जास्त ताकदीचे बोल्ट बनतात. बोल्ट घडवले, हीट ट्रीटमेंट देऊन कडक केले, गंजू नयेत म्हणून झिंकचं प्लेटिंग केलं, तपासले, पाठवले. गिऱ्हाइकाने ते यंत्रावर आवळले तेव्हा सगळे नीट बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर चार बोल्टांची डोकी तुटून खाली पडलेली. रात्रभर यंत्र बंद होतं, कुणी हातही लावला नव्हता.

मालक आधी पोलादवाल्याला धरतो. तो टेस्ट सर्टिफिकेट पुढे करतो, त्यात खोट काही नाही. हीट ट्रीटमेंटवाला कडकपणाचे आकडे दाखवतो, ते मापात आहेत. प्लेटिंग खात्यातला माणूस थराची जाडी मोजून देतो, तीही बरोबर. प्रत्येकाचं काम चोख आणि बोल्ट मात्र तुटलेला. पुढच्या खेपेला मालक महागातलं पोलाद आणतो. दोन बॅच बऱ्या जातात, तिसरीत पुन्हा तेच.

या कोड्याचं उत्तर धातुशास्त्र शिकवणाऱ्या कुठल्याही विभागात मिळेल. प्लेटिंगआधी बोल्ट आम्लात बुडवून साफ करतात, तेव्हा हायड्रोजन सुटतो. प्लेटिंगच्या टाकीत वीज सोडली की आणखी सुटतो. हायड्रोजनचा अणू इतका लहान की तो थेट पोलादात शिरतो. बोल्ट आवळला की जिथे ताण जास्त, तिथे हे अणू हळूहळू गोळा होतात आणि तिथलं पोलाद ठिसूळ होतं. म्हणून बोल्ट आवळताना तुटत नाही, काही तासांनी किंवा दिवसांनी तुटतो. पोलाद जितकं कडक तितका धोका जास्त. रुळलेला उपाय असा, की प्लेटिंग झाल्यावर वेळ न दवडता बोल्ट २०० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास भट्टीत ठेवायचे, म्हणजे अडकलेला हायड्रोजन बाहेर पडतो किंवा निरुपद्रवी जागी बसतो. ही माहिती कित्येक दशकांपासून पुस्तकांत आहे, उद्योगाच्या मानकांतही आहे.

म्हणजे उत्तर होतं, प्रश्नही होता. दोघांची गाठ पडली नाही, एवढंच. विद्यापीठं आणि छोटे उद्योग यांच्यातल्या ‘ज्ञानाच्या देवाणघेवाणी’बद्दल आपण ऐकतो तेव्हा पेटंट, स्टार्टअप, नवे शोध असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. तेही त्यात आहेच. पण छोट्या उद्योगाची बहुतेक गरज या बोल्टासारखी असते. कुणाला तरी आधीच ठाऊक असलेली गोष्ट त्याला ठाऊक नसते, आणि ती कुणाला ठाऊक आहे हेही ठाऊक नसतं.

मग तो जात का नाही?

छोट्या उद्योगात मालक हाच खरेदी, विक्री, उत्पादन आणि वसुली असतो. संशोधनाचं खातं नसतं. विद्यापीठात जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायचा, आणि तिथे भेटायचं कोणाला? फाटकावर विभागांची नावं लिहिलेली असतात: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, धातुशास्त्र, यंत्र अभियांत्रिकी. बोल्ट यांपैकी कुठल्या दारात घेऊन जायचा? प्लेटिंग रसायनशास्त्रात येतं, तुटणं यंत्र अभियांत्रिकीत, पोलाद धातुशास्त्रात. उद्योगाची अडचण विभागांच्या हद्दी पाहून येत नाही. त्यातून मनात एक धास्ती असते की आपली प्रक्रिया बाहेरच्याला दाखवली तर ती प्रतिस्पर्ध्यापर्यंत पोचेल. आणि सर्वांत खोल असतो तो संकोच: आपलं एवढंसं काम तिथे कोण मनावर घेणार?

पलीकडचीही बाजू समजून घेतली पाहिजे. प्राध्यापकाची बढती शोधनिबंध, पीएचडीचे विद्यार्थी आणि मिळालेले संशोधन अनुदान यांवर ठरते. ज्याचं उत्तर पुस्तकात आहे अशा बोल्टावर शोधनिबंध निघत नाही. मदत करायची इच्छा असली तरी त्या तासांची नोंद कुठेच होत नाही. मोठी कंपनी आली तर तीन वर्षांचा प्रकल्प आणि दोन विद्यार्थ्यांचं विद्यावेतन घेऊन येते. छोटा कारखानदार एक तुटलेला बोल्ट घेऊन येतो, आणि त्याला उत्तर शुक्रवारपर्यंत हवं असतं.

ब्रिटनमध्ये सरकारने रिचर्ड लँबर्ट यांना विद्यापीठं आणि उद्योग यांच्या संबंधांचा आढावा घ्यायला सांगितलं. तो अहवाल २००३ मध्ये आला. त्यातला मुख्य निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो: विद्यापीठांतून कल्पनांचा पुरवठा वाढवणं ही खरी अडचण नाही, उद्योगांकडून मागणी वाढवणं ही आहे. प्रयोगशाळेचं दार कितीही उघडं ठेवलं तरी दारापर्यंत येणाऱ्याला आपल्याला काय विचारायचंय हे कळलं पाहिजे.

आणि हे कळणं सोपं नाही. वेस्ली कोहेन आणि डॅनियल लेव्हिन्थल या दोन अमेरिकी संशोधकांनी १९९० मध्ये उद्योगांच्या एका क्षमतेबद्दल लिहिलं, जिला आपण ज्ञान पचवण्याची ताकद म्हणू. बाहेरचं नवं ज्ञान ओळखायला, समजून घ्यायला आणि कामाला लावायला आपल्याकडे त्या विषयाचं थोडंफार ज्ञान आधीपासून असावं लागतं. पाया नसेल तर उत्तम अहवालही टेबलाच्या खणात पडून राहतो. ‘भंगाचा पृष्ठभाग आंतरकणीय आहे’ असं एका ओळीत लिहून दिलं आणि त्या कारखान्यात ते वाक्य उलगडून सांगणारं कुणीच नसलं, तर विद्यापीठाने उत्तर दिलं असं म्हणता येईल का? मला नाही वाटत. त्याच माणसाला सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र दाखवून सांगा की बघा, खडीसाखर फोडल्यावर खडे सुटे होतात तसे पोलादाचे कण एकमेकांपासून सुटलेत, आणि म्हणून दोष थराच्या जाडीत नाही, आत शिरलेल्या वायूत आहे. त्याला लगेच कळेल, आणि तो पुढचा प्रश्न स्वतःच विचारेल.

येनाची गोष्ट

ही देवाणघेवाण जमली की काय घडतं याचं माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण दीडशे वर्षांपूर्वीचं आहे. १८४६ मध्ये कार्ल झाइस नावाच्या कारागिराने जर्मनीतल्या येना या विद्यापीठाच्या गावी स्वतःचं छोटं वर्कशॉप उघडलं. तिथे सूक्ष्मदर्शक बनायचे. त्या काळी चांगला सूक्ष्मदर्शक बनवायची रीत एकच होती: एका भिंगामागे दुसरं लावून पाहायचं, नाही जमलं तर बदलायचं, पुन्हा घासायचं, आणि चित्र स्वच्छ दिसलं की थांबायचं. हाताला सवय असलेले कारागीर यात तरबेज होते. पण एक नग उत्तम निघाला म्हणून पुढचा तसाच निघेल याची खात्री नसायची. झाइसला ती खात्री हवी होती. त्याने स्वतः गणिताने वाट काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही. १८६६ मध्ये तो येना विद्यापीठातल्या एर्न्स्ट आबे या तरुण अध्यापकाकडे गेला. आबे तेव्हा पंचविशीतला होता.

आबेने हिशेब मांडला. भिंगातून तिरपे येणारे किरण चित्र बिघडवतात, तेव्हा प्रकाशाचा शंकू अरुंद ठेवावा, म्हणजे दोष कमी होतील. त्या काळच्या सिद्धांतानुसार हे अगदी बरोबर होतं. भिंगं हिशेबाबरहुकूम घासली, जोडली, आणि चित्र जुन्या अंदाजपंचे बनवलेल्या भिंगांपेक्षा वाईट निघालं. बारकावे दिसेचनात.

इथे बहुतेक सहकार्यं मोडतात. ‘पुस्तकी माणसाचं काही खरं नाही’ असं वर्कशॉपवाल्याने म्हणायचं आणि ‘कारागिरांनी नीट घासलं नसणार’ असं प्राध्यापकाने म्हणायचं. झाइस थांबला, पैसे घालत राहिला. आबेने आपल्या हिशेबावरच संशय घेतला. कारागिरांची भिंगं सरस ठरतात याचा अर्थ प्रकाशाबद्दलच आपल्याला काहीतरी कळलेलं नाही. शोध घेताना त्याच्या लक्षात आलं की वस्तूच्या बारीक रचनेवर पडलेला प्रकाश पसरतो, आणि तो पसरलेला प्रकाश भिंगाने जितका पकडला तितके बारकावे चित्रात येतात. शंकू अरुंद केल्यावर नेमका तोच प्रकाश बाहेर राहत होता. १८७३ मध्ये त्याने हा सिद्धांत प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकातून किती लहान गोष्ट दिसू शकते याची मर्यादा त्यातून ठरली, आणि आजही ती आबेच्या नावाने शिकवली जाते. १८७२ पासूनच झाइसचे सूक्ष्मदर्शक हिशेबाने बनू लागले होते.

मग पुढची अडचण आली: हिशेबाला हवी तशी काच बाजारात मिळेना. १८७९ मध्ये ओटो शॉट या तरुण रसायनतज्ज्ञाने आपण बनवलेली नव्या प्रकारची काच आबेकडे तपासायला पाठवली. ती काच कामाची निघाली नाही, पण पत्रव्यवहार चालू राहिला, आणि १८८४ मध्ये येनामध्येच काचेची प्रयोगशाळा आणि कारखाना उभा राहिला. झाइसने आबेला भागीदार करून घेतलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर, १८८९ मध्ये, आबेने कार्ल झाइस फाउंडेशन स्थापन केलं, आणि त्यातून विद्यापीठालाही पैसा मिळत गेला.

या गोष्टीत ज्ञान कोणी कोणाला दिलं? विद्यापीठाने वर्कशॉपला हिशेब दिला हे खरं. पण वर्कशॉपच्या भिंगांनी विद्यापीठाला चूक दाखवली नसती, तर तो सिद्धांत त्या वेळी, त्या माणसाला सुचला नसता. म्हणून ‘ज्ञानाचं हस्तांतरण’ हा शब्द मला पटत नाही. हस्तांतरणात एक देणारा आणि एक घेणारा असतो. इथे तसं नव्हतं.

असंच फ्रान्समधल्या लील शहरात घडलं. तिथे विज्ञानशाखेचा प्रमुख म्हणून आलेल्या लुई पाश्चरकडे १८५६ मध्ये बीटपासून अल्कोहोल बनवणारा एक कारखानदार आला. त्याची काही पिंपं नासत होती. त्याचा मुलगा पाश्चरचा विद्यार्थी होता, म्हणून ती ओळख. पाश्चर कारखान्यात गेला, पिंपांतले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागला, आणि आंबण्याची क्रिया सजीवांमुळे होते या त्याच्या पुढच्या सगळ्या कामाला तिथे जोर आला. विद्यार्थ्याची ओळख नसती तर कारखानदार त्याच्याकडे आला असता का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

कागदावर न मावणारं ज्ञान

सगळं ज्ञान लिहून देता येतं असं आपण गृहीत धरतो. १९७० च्या दशकात हॅरी कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञाने ब्रिटनमधल्या प्रयोगशाळांचा अभ्यास केला. त्या एका नव्या प्रकारचा लेसर स्वतः बनवून पाहत होत्या. लेसरची माहिती छापून आलेली होती, वाचणारे पदवीधर शास्त्रज्ञ होते. तरीही नुसता छापील लेख वाचून एकालाही चालणारा लेसर बनवता आला नाही. ज्यांना जमलं, त्यांचा लेसर आधीच बनवलेल्या कुणाशी तरी प्रत्यक्ष संपर्क होता: भेट, फोन, किंवा तिकडून आलेला माणूस. तार किती लांब ठेवायची यासारख्या गोष्टी लेखात नव्हत्या, कारण त्या महत्त्वाच्या आहेत हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

शास्त्रज्ञांची ही गत, तर छोट्या कारखान्याच्या हाती अहवाल ठेवून काय होणार? तिथे कोणीतरी जावं लागतं आणि राहावं लागतं.

हे ओळखून आखलेली एक योजना ब्रिटनमध्ये १९७५ पासून चालू आहे. तिचं पहिलं नाव होतं टीचिंग कंपनी स्कीम. डॉक्टर घडवायला जसं शिकवण्यासाठीचं रुग्णालय लागतं, तशी शिकवण्यासाठीची कंपनी असावी, अशी मूळ कल्पना. २००३ पासून ती नॉलेज ट्रान्सफर पार्टनरशिप या नावाने चालते. तिची रचना साधी आहे. नुकताच पदवी घेतलेला एक तरुण किंवा तरुणी विद्यापीठाच्या नोकरीत असते, पण काम रोज कंपनीत करते, एक ते तीन वर्षं. विद्यापीठातले मार्गदर्शक आठवड्याला साधारण अर्धा दिवस त्या प्रकल्पाला देतात. छोटी कंपनी खर्चाचा सुमारे एक तृतीयांश वाटा उचलते, बाकीचा सरकारी निधीतून येतो.

यातली खरी किमया त्या तरुण माणसात आहे. त्याला विद्यापीठाची भाषा येते आणि सहा महिन्यांत कारखान्याचीही येऊ लागते. दुपारी शॉप फ्लोअरवर ऐकलेलं गाऱ्हाणं तो संध्याकाळी मार्गदर्शकापुढे नेमक्या प्रश्नाच्या रूपात ठेवतो. मार्गदर्शकाचं उत्तर तो दुसऱ्या दिवशी मशीनवरच्या माणसाला त्याच्या शब्दांत सांगतो. आणि प्रकल्प संपल्यावर तो तिथेच नोकरीला राहिला, तर ज्ञान पचवण्याची ती ताकद, जी कंपनीकडे नव्हती, कायमची आत येते.

शेतीत हे फार आधी कळलं होतं. शेतकरी हा जगातला सर्वांत जुना छोटा उद्योजक. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी विद्यापीठं उभी राहिली, १८८७ च्या कायद्याने त्यांना प्रयोगकेंद्रं जोडली गेली. तरी शेतकऱ्यापर्यंत शिकलेलं पोचेना, म्हणून १९१४ च्या कायद्याने विस्तार सेवा आली: बांधावर जाणारा पगारी माणूस. मध्ये २७ वर्षं गेली. ज्ञान तयार झालं की ते आपोआप पोचतं ही समजूत पुसायला एवढा काळ लागला.

कधीकधी माणसाची जागा एक साधं साधन घेऊ शकतं. १८९० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या स्टीफन बॅबकॉकने दुधातली स्निग्धता मोजायची सोपी चाचणी शोधली. तोवर दुधाचे पैसे वजनावर मिळायचे, त्यामुळे पाणी घालणारा फायद्यात आणि सकस दूध आणणारा तोट्यात. दुग्धालयातल्या साध्या कामगारालाही जमेल अशी ती चाचणी होती. बॅबकॉकने तिचं पेटंट घेतलं नाही, आणि ती झपाट्याने पसरली. नाव घ्यावं असा हा निर्णय आहे, कारण आज विद्यापीठांचा पहिला विचार बहुधा पेटंटचा असतो.

पहिली पायरी ओलांडायला पैसा

नेदरलँड्सच्या सरकारने २००४ मध्ये एक प्रयोग केला. छोट्या उद्योगांना ठरावीक रकमेची कुपनं दिली. कुपन घेऊन संशोधन संस्थेकडे जायचं, आपला प्रश्न मांडायचा, काम झालं की संस्थेने ते कुपन सरकारकडे वटवायचं. कुपनं होती १०० आणि अर्ज आले त्याहून पुष्कळ जास्त, म्हणून सोडत काढली. त्यामुळे एक मोठी सोय झाली: ज्यांना मिळालं आणि ज्यांना नाही मिळालं त्यांची प्रामाणिक तुलना करता आली. दिसलं असं, की १० कुपनांपैकी ८ कुपनांतून असं काम निघालं जे एरवी निघालंच नसतं. म्हणजे मालकांना गरज होती, पण उंबरठा उंच होता.

मात्र दुसरी एक नोंदही ठेवायला हवी. मँचेस्टरमध्ये २००९-१० च्या सुमारास अशाच तऱ्हेने १५० कुपनं सोडतीने दिली गेली. ती विद्यापीठांसाठी नव्हती. छोट्या उद्योगांनी डिझाइन, जाहिरात, संकेतस्थळ अशी कामं करणाऱ्यांची मदत घ्यावी म्हणून होती. ६ महिन्यांनी कुपनवाले उद्योग नवं काही करण्यात पुढे दिसले. १२ महिन्यांनी फरक उरला नाही. दार उघडायला कुपन पुरतं, पण नातं टिकवायला नाही. पहिल्या कामानंतर दुसरं काम व्हावं यासाठी कुणीतरी फोन करत राहावं लागतं, आणि त्या कामाचा पगार कोणत्याही योजनेत सहज बसत नाही.

कराराचा कागद

इथे छोट्या उद्योजकाने जरा सावध आणि जरा सैल, दोन्ही व्हावं. सावध अशासाठी की ड्रॉइंग किंवा प्रक्रिया दाखवण्याआधी गोपनीयतेचा करार झालेला बरा. आणि नवं काही निघण्याची शक्यता असेल तर ते जाहीर होण्याआधी पेटंटचा अर्ज गेला पाहिजे, कारण बहुतेक देशांत एकदा जाहीर झालेली गोष्ट ‘नवी’ राहत नाही. विद्यार्थ्याने परिषदेत लावलेलं पोस्टरसुद्धा जाहीर होण्यातच मोजलं जातं.

सैल अशासाठी की मालकी आणि वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रकल्पातून निघालेल्या शोधाची मालकी आपलीच हवी असा हट्ट धरून महिनोन्महिने वाटाघाटी करणारे उद्योग असतात, आणि प्रत्यक्षात त्यांना लागतो तो आपल्या धंद्यापुरता, बिनधोक वापराचा हक्क. मालकी विद्यापीठाकडे आणि आपल्या क्षेत्रात वापराचा परवाना उद्योगाकडे, अशी मांडणी पुष्कळदा दोघांना परवडते. दोघांनी प्रकल्पाआधी जे आपापलं आणलं ते ज्याचं त्याचं राहतं, हेही कागदावर यावं. काम करणारा विद्यार्थी अनेक ठिकाणी नोकरदार धरला जात नाही, त्यामुळे त्याच्या डोक्यातून निघालेल्या गोष्टीवर त्याचा हक्क असू शकतो. त्याची सही विसरू नये, आणि त्याला त्याचा वाटा द्यावा.

दर वेळी वकील लावणं छोट्यांना झेपत नाही. लँबर्ट अहवालानंतर ब्रिटनमध्ये २००५ साली करारांचे तयार नमुने काढले गेले. प्रत्येक नमुन्यात मालकी कोणाची याचा वेगळा पर्याय आहे, आपल्याला बसेल तो घ्यायचा. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून निघालेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना ठेवता येऊ लागली, आणि परवाने देताना छोट्या उद्योगांना प्राधान्य द्यावं असंही त्यात म्हटलं. १९९२ मध्ये तिथे एक अशी योजना आली जिच्यात छोटी कंपनी आणि संशोधन संस्था एकत्र असणं सक्तीचं केलं गेलं: कामाचा किमान ४० टक्के भाग कंपनीने करायचा, किमान ३० टक्के संस्थेने.

एक गाठ मात्र कुठल्याही नमुन्याने पूर्ण सुटत नाही. प्राध्यापकाला छापायचं असतं, उद्योगाला लपवायचं असतं. विल्यम गॉसेट हा बिअर बनवणाऱ्या गिनेस कंपनीत काम करायचा. कंपनी मोठी होती, पण प्रश्न हाच होता. १९०६-०७ मध्ये तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात कार्ल पिअर्सनकडे संख्याशास्त्र शिकायला गेला. थोड्याच नमुन्यांवरून खात्रीचा निष्कर्ष कसा काढायचा हे त्याने सोडवलं. कंपनीने छापायला परवानगी दिली, फक्त नाव झाकायचं. १९०८ मध्ये तो निबंध ‘स्टुडंट’ या टोपणनावाने आला, आणि त्यातून आलेली संख्याशास्त्रातली चाचणी जगभरचे विद्यार्थी आजही याच नावाने शिकतात. आजचा नेहमीचा तोडगा याहून साधा आहे: छापण्याआधी मसुदा कंपनीला दाखवायचा, काही आठवडे द्यायचे, गुपित असेल तेवढं काढायचं.

विचारायचं कसं

समजा आपला बोल्टवाला जायचं ठरवतो. ‘आमचे बोल्ट तुटतात, काहीतरी करा’ असं म्हटलं तर समोरचा फार तर चहा देईल. त्याऐवजी त्याने एका कागदावर लिहावं: कोणत्या मापाचे, किती कडक, कोणत्या बॅचचे, किती पैकी किती तुटले, आवळल्यापासून किती तासांनी, आणि काय काय करून पाहिलं. तुटलेले तुकडे वेगवेगळ्या पिशवीत, चिठ्ठी लावून, तुटलेल्या तोंडाला बोट न लावता न्यावेत. तुटलेली दोन तोंडं एकमेकांवर बसवून पाहायचा मोह होतो, तो आवरावा. पुरावा तिथेच असतो आणि तो त्यानेच पुसला जातो. सोबत न तुटलेला एक बोल्टही न्यावा.

विद्यापीठात उद्योगांसाठी संपर्क कक्ष असेल तर तिथून सुरुवात करावी. नसेल तर प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला भेटावं. कोणत्या प्राध्यापकाला कशात रस आहे आणि कोणतं यंत्र चालू आहे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. मुदत आधीच स्पष्ट सांगावी. विद्यापीठाचं घड्याळ सत्राचं, उद्योगाचं घड्याळ ऑर्डरचं. परीक्षेच्या महिन्यात प्रकल्प हलत नाही, यात कुणाचा आळस नसतो. म्हणून कामाचे दोन भाग पाडावेत: चाचणी आणि सल्ला आठवड्याभरात, पैसे देऊन, आणि त्यामागचं ‘असं का होतं’ हे एखाद्या विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या प्रकल्पात.

आता त्या विद्यार्थिनीची कल्पना करा जिच्याकडे हा प्रकल्प आला. तिने भट्टीतल्या नोंदी पाहिल्या. आता प्रत्येक बॅच प्लेटिंगनंतर भट्टीत जात होती आणि बोल्ट तुटायचे जवळपास थांबले होते. जवळपास. मधूनच एखादा तुटायचा, आणि तिच्या आलेखात तो कुठेच बसत नव्हता. पोलाद तेच, तापमान तेच, वेळ तोच.

तिसऱ्या आठवड्यात ती दिवसभर प्लेटिंगच्या टाकीजवळ बसली. तिथे पंधरा वर्षं काम करणाऱ्या काकांनी तिला तुटलेला बोल्ट हातात घेऊन विचारलं, “हा दुसऱ्यांदा टाकलेला आहे का?”

“दुसऱ्यांदा म्हणजे?”

“रंग नीट बसला नाही की आम्ही माल परत आम्लात टाकतो. जुना थर उतरवायचा आणि पुन्हा प्लेटिंग करायचं. मग आधीच उशीर झालेला असतो, पाठवायची घाई असते. असा माल कधी भट्टीत जातो, कधी राहून जातो.”

हे कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हतं. दोनदा आम्लात बुडालेला बोल्ट कागदावर एकदाच बुडालेला होता. विद्यापीठातल्या मार्गदर्शकांनीही हा प्रश्न कधी विचारला नव्हता, कारण पुस्तकातली प्रक्रिया एकदाच होते. त्या दिवशी संध्याकाळी पुन्हा प्लेटिंग होणाऱ्या मालासाठी लाल रंगवलेल्या वेगळ्या टोपल्या आल्या. तिने आपल्या प्रबंधात त्यांचं एक वेगळं प्रकरण केलं, आणि चाचणीसाठी पहिले बारा बोल्ट काकांनी स्वतः निवडून दिले.